किल्ला गेला, किल्ल्या राहिल्या

पहिला दिवस: रेडिंग ते वेअरहॅम

भाची नऊ वर्षांची. जन्म रेडिंगचा. घरात मराठी बोलते, पण जोडाक्षरांपाशी अडखळते. आदल्या रात्री मी तिला म्हटलं, "उद्या आपण किल्ला बघायला जायचं." ती म्हणाली, "कुठली किल्ली, आत्या?" मी समजावून सांगितलं. किल्ला म्हणजे कॅसल, किल्ली म्हणजे दाराची. "मग किल्ल्या?" "त्या पुष्कळ किल्ल्या." तिने मान हलवली, पण समाधान झालेलं दिसेना. ही गोष्ट इथे सांगायचं कारण चौथ्या दिवशी कळेल.

मी नाशिकची. वयाच्या विसाव्या वर्षापासून सह्याद्रीत हिंडते आहे. धाकट्या भावाकडे महिनाभर राहायला आले, तेव्हा त्याने विचारलं, "ताई, लंडन किती दिवस बघायचं?" मी म्हटलं, लंडन एक दिवस पुरे, मला एक पडका किल्ला दाखव. दुरुस्त केलेला, गालिचे घातलेला, राजघराण्याच्या तसबिरी लावलेला नको. पडकाच हवा, आणि खेड्यातला. त्याने दोन संध्याकाळी नकाशे बघण्यात घालवल्या आणि डॉर्सेट परगण्यातलं कॉर्फ निवडलं. मे महिन्यातले चार दिवस त्याने रजा टाकली. वहिनीला सुट्टी मिळाली नाही. तिने दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली.

रेडिंगहून मोटारीने निघालो आणि न्यू फॉरेस्टची झाडी मागे टाकून दुपारी वेअरहॅमला पोचलो. मुक्काम इथेच ठेवला होता. वेअरहॅम फ्रोम नदीकाठचं छोटं, जुनं गाव आहे. त्याच्या तीन बाजूंना मातीचा तट आहे आणि चौथ्या बाजूला नदी. हा तट अकराशे वर्षांपूर्वीचा, डेन लोकांच्या धाडींपासून बचाव करण्यासाठी सॅक्सन राजांनी घातलेला. त्याच्या माथ्यावरून पायवाट जाते. लोक कुत्री फिरवत होते, एक आजोबा गवतावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मातीचा तट इतकी शतकं टिकतो यावर माझा विश्वास बसेना. आपल्याकडच्या गढ्या दोन पिढ्या दुर्लक्षित राहिल्या की पावसात विरघळून जातात. इथला पाऊस झिरमिर पडतो आणि गवत माती धरून ठेवतं, इतकंच काय ते कारण मला दिसलं.

वेअरहॅमचं आणि कॉर्फच्या किल्ल्याचं एक भीषण नातं आहे. जॉन राजाच्या काळात पीटर नावाच्या एका साधूने भाकीत केलं होतं की १२१३ सालच्या अमुक सणानंतर जॉन राजा राहणार नाही. राजाने त्याला कॉर्फच्या कोठडीत टाकलं. सण आला आणि गेला, राजा गादीवरच राहिला. मग साधूला घोड्याच्या मागे बांधून कॉर्फपासून वेअरहॅमपर्यंत फरपटत आणलं आणि फासावर दिलं. त्याच्या मुलालाही. त्या संध्याकाळी नदीच्या धक्क्यावर हंसाची पिल्लं आईमागे पोहत होती. भाची त्यांना पाव घालायला धावली. मी तिला ही गोष्ट सांगितली नाही.

दुसरा दिवस: कॉर्फ

सकाळी नऊच्या सुमारास दक्षिणेकडे निघालो. चार-पाच मैलांचाच रस्ता. पर्बेकच्या डोंगरांची पूर्व-पश्चिम अशी लांबलचक रांग आडवी येते, आणि त्या रांगेत एके ठिकाणी खिंड पडली आहे. खिंडीच्या दोन्ही कडांनी दोन ओढे वाहतात आणि मधोमध एक सुटी टेकडी उरली आहे. कॉर्फ हे नावच जुन्या इंग्रजीतल्या 'कापणे' या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. रांग कापून झालेली खिंड, तिच्या तोंडावरची टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर किल्ला. ही जागा हेरणारा माणूस आपल्याकडच्या कुठल्याही गडकऱ्याला भेटला असता तर दोघांना एकमेकांचं बोलणं न समजताही जागेबद्दल सगळं समजलं असतं. खिंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात वाट.

टेकडी म्हणजे काही साल्हेर नव्हे. उंची फक्त ५५ मीटर. पण उतार तीव्र आहेत, आणि उत्तरेकडचा मुलूख इतका सपाट की मैलभर आधीपासून तो भग्न मनोरा आभाळात रुतलेला दिसतो. तोच बालेकिल्ला. इंग्रजीत त्याला कीप म्हणतात. बाकी सगळा किल्ला पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत लढवायची, सगळ्यात जाड भिंतींची इमारत ती. कॉर्फचा हा मनोरा पहिल्या हेन्री राजासाठी साधारण ११०५ च्या सुमारास बांधला. पर्बेकचा फिकट करडा चुनखडीचा दगड, २१ मीटर उंची. टेकडीची आणि मनोऱ्याची उंची एकत्र केली तर जहाजावरून येणाऱ्याला तो किती दुरून दिसत असेल, ते समजतं.

गावच्या चौकातून दगडी पूल ओलांडून पहिल्या दरवाजात शिरलो. पुढे चढणीचं मोठं गवताळ पटांगण, दोन्ही कडांनी तट आणि त्यात अर्धगोल बुरूज. तिथेच मी थबकले. बुरूज पडलेले नव्हते, कलले होते. एक बाहेरच्या बाजूला झुकलेला, एक तटापासून सुटून उताराकडे सरकलेला. पण अंगावरचे दगड जागच्या जागी, बाण मारायच्या उभ्या फटीसुद्धा शाबूत. भाची म्हणाली, "आत्या, हा झोपायला चाललाय का?"

भूकंप नाही, पावसाळे नाहीत, पिंपळाची मुळं नाहीत. हे माणसांनी केलेलं आहे. पार्लमेंटचा हुकूम काढून, पगारी माणसं लावून.

गोष्ट अशी. सोळाव्या शतकात एलिझाबेथ राणीने हा किल्ला विकून टाकला आणि १६३५ साली तो सर जॉन बँक्स या कायदेपंडिताकडे आला. राजाचा माणूस तो. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. सर जॉन राजाजवळ राहिले आणि किल्ला सांभाळायची जबाबदारी आली त्यांच्या पत्नीवर, लेडी मेरी बँक्स यांच्यावर. १६४३ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या पाच-सहाशे सैनिकांनी वेढा घातला. आत शिबंदी मूठभर. वेढा सहा आठवडे चालला. एका हल्ल्यात वरच्या तटाची बाजू मेरी, तिच्या मुली, दासी आणि पाच सैनिक यांनी सांभाळली. शिड्या लावून चढणाऱ्यांवर त्यांनी दगड आणि जळते निखारे ओतले. हल्ला करणाऱ्यांची शंभरेक माणसं कामी आली आणि ऑगस्टमध्ये राजाची कुमक येते आहे असं कळताच वेढा उठला.

हे मला आधी वाचून माहीत होतं. पण त्या वरच्या तटाच्या खाली उभं राहिल्यावर वाचलेल्या ओळीला वजन आलं. चढ असा की मला हात टेकावे लागले. हातात हत्यार आणि वरून निखारे. आणि वर त्या मुली.

दुसऱ्यांदा वेढा पडला तेव्हा मात्र किल्ला लढून गेला नाही. सर जॉन १६४४ अखेर ऑक्सफर्डला वारले होते. पार्लमेंटची सरशी होत होती. शिबंदीतल्याच पिटमन नावाच्या एका अधिकाऱ्याने कुमक आणतो म्हणून सांगितलं आणि वेश पालटलेले शत्रूचे सैनिक रात्री आत आणले. फेब्रुवारी १६४६. फितुरी हा शब्द मी भाचीला त्या दिवशी शिकवला. इंग्रजीत तिला तो माहीत होता. मराठीत तिने तीनदा म्हणून बघितला.

पुढच्याच महिन्यात पार्लमेंटने किल्ला पाडायचं ठरवलं. हे रागाच्या भरात नव्हतं. उभा किल्ला उद्या पुन्हा कुणीतरी बळकावील आणि तो घ्यायला पुन्हा आठवडेच्या आठवडे घालवावे लागतील, हा हिशेब होता. पाडायची रीत अशी: तटाखाली बोगदे खणायचे, वरचा भार लाकडी टेकूंवर पेलायचा, मग टेकू काढायचे किंवा सुरुंगाची दारू भरून उडवायचे. पण टेकडी खडूच्या मऊ दगडाची आणि तटाचा चुना पोलादासारखा. त्यामुळे भिंतीचा चुरा झालाच नाही. पायाखालची जमीन गेली आणि भिंती सबंधच्या सबंध खाली बसल्या, कलल्या, घसरल्या. उतारावर मोटारीएवढे तुकडे आजही पडले आहेत आणि त्यांच्यातला चुना अजून दगड सोडायला तयार नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट रूप नैर्ऋत्येच्या दरवाजात आहे. जोड बुरुजांचा दरवाजा. कमानीजवळ वरून सोडायच्या जाळीच्या फाटकाची खाच दिसते. पाया पोखरल्यावर या दरवाजाचा अर्धा भाग जागेवर राहिला आणि अर्धा तसाच्या तसा, उभाच्या उभा, कित्येक फूट खाली सरकला. एका बाजूला दगडांचे थर छातीच्या उंचीवर, आणि तेच थर दुसऱ्या बाजूला पार खाली, जमिनीलगत. मी दोन्ही बाजूंचे थर मोजत तिथे बराच वेळ उभी राहिले. माणसं माझ्या बाजूने वर जात होती, खाली येत होती. भाऊ म्हणाला, "ताई, बालेकिल्ला वर आहे, हे नुसतं दार आहे." मी म्हटलं, तू हो पुढे.

मला आठवत होता मदन. सह्याद्रीतल्या अलंग-मदन-कुलंग या शेजारी-शेजारी असलेल्या तीन किल्ल्यांमधला. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोर लावून तो कातळटप्पा चढलो होतो, तेव्हा वर कोरीव पायऱ्या होत्या, खाली कोरीव पायऱ्या होत्या आणि मधला पट्टा कुणीतरी खरवडून काढल्यासारखा गुळगुळीत. १८१८ साली इंग्रजांनी त्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. किल्ला तसाच ठेवायचा, वाट तोडायची. तेव्हा मला त्यांचा निव्वळ संताप आला होता. संताप आजही आहे. पण ही विद्या त्यांनी आपल्यावर चालवण्याआधी पावणेदोनशे वर्षं स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावंडांवर चालवली होती, हे त्या दरवाजात डोळ्यांनी पाहिलं. आणि आणखी एक गोष्ट. १६४६ च्या सुमारास, इथे हे बोगदे खणले जात होते तेव्हा तिकडे मावळात तोरणा नुकताच हाती आला होता आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगडाच्या बांधकामाची जुळवाजुळव चालली होती. तारखांबद्दल अभ्यासक वाद घालतात, पण वर्षं जवळजवळ तीच.

दुपारी वर पोचलो. मनोऱ्याची दक्षिणेची भिंत जवळजवळ पूर्ण उंचीने उभी आहे, बाकीच्या बाजू गेल्या. त्यामुळे समोरून बघितलं तर तो भक्कम वाटतो आणि मागे वळून गेलं की पोकळ. भिंतीच्या अंगावर उभ्या सपाट पट्ट्या काढल्या आहेत, पुढे फारसा न येणारा आधार, नॉर्मन बांधणीची ती खूण. तुटलेल्या कडेला भिंतीचा आडवा छेद दिसतो: आत-बाहेर घडीव दगडाचे साफ थर आणि मध्ये चुन्यात कालवलेले अनगड दगड. आपल्याकडच्या तटातही असंच पोट भरतात. वर, आता मजला नसलेल्या उंचीवर खिडक्या आहेत. त्यांतून आभाळ दिसतं आणि कावळ्यांची ये-जा चालते.

शेजारी जॉन राजाने १२०० नंतर बांधलेल्या ग्लोरिएट नावाच्या महालाच्या भिंती आहेत. निमुळत्या कमानींच्या खिडक्या इतक्या नाजूक, की ज्याने त्या करवून घेतल्या त्यानेच या किल्ल्यात काय केलं ते आठवलं की हात आखडतो. १२०२ साली पकडलेल्या पुतण्याच्या पक्षातले २२ सरदार त्याने इथे उपाशी मारले. पुतणी एलेनॉर, गादीवर तिचाही हक्क पोचत होता म्हणून, काही काळ इथे नजरकैदेत होती. १२४१ मध्ये ती कैदेतच वारली. महाल आणि कोठडी एकाच टेकडीवर. महालाच्या दिवाणखान्यातला उजेड कोठडीतल्यांना दिसत असणार.

तिथेच गवतावर बसून दशम्या खाल्ल्या. पश्चिमेकडच्या पटांगणात एका भिंतीत दगड तिरके, माशाच्या काट्यासारखे रचलेले दिसतात. विल्यम राजाच्या काळातल्या, म्हणजे अकराव्या शतकातल्या दिवाणखान्याची ती भिंत. किल्ल्यातलं आता दिसणारं सगळ्यात जुनं काम. बाकीचे लोक तिथे फिरकतही नव्हते. भाचीने त्या काट्यांवरून बोट फिरवलं आणि खालून वर मोजत गेली.

तिसरा दिवस: धुकं आणि गाव

पहाटे पाचला भावाला उठवलं. पश्चिमेच्या टेकडीवरून धुक्यात किल्ला बेटासारखा दिसतो असं ऐकलं होतं. चढून गेलो. धुकं होतं, पण नको इतकं. अर्धा तास किल्ला दिसलाच नाही. मग मनोऱ्याचं टोक तेवढं वर आलं, मग भिंत, मग खाली बसलेला दरवाजा. सगळा दिसायला लागला तोवर ऊन आलं होतं. तेवढ्यासाठी पाचला उठणं मला पटलं. भावाचं मत विचारलं नाही.

नंतर गाव. घरं त्याच करड्या दगडाची, छपरंसुद्धा दगडी फरश्यांची. आणि बघत चाललं की साध्या भिंतीत मध्येच एखादा फार देखणा, साफ घडवलेला दगड दिसतो. किल्ला पाडल्यावर गावाने दगड वाहून नेले. मला यात काही गैर वाटलं नाही. ज्यांच्या आजा-पणजांनी तो दगड खाणीतून काढला, घडवला आणि वर चढवला, त्यांच्याच घरात तो परत आला. पर्बेकचा दगड हा या लोकांचा पिढीजात धंदा. शिंपल्या-गोगलगाईंनी भरलेला, घासला की संगमरवरासारखा चमकणारा इथला दगड इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये खांबांना वापरला आहे. सॅलिसबरीत तर भरपूर. कॉर्फमध्ये त्याचे कारखाने होते.

चर्च सेंट एडवर्डच्या नावाचं. हा एडवर्ड सॅक्सन राजा, वय जेमतेम सोळा. ९७८ साली मार्चमध्ये सावत्र आई आणि लहान भावाला भेटायला कॉर्फला आला. घोड्यावरून उतरायच्या आतच पेला पुढे केला आणि सुरा खुपसला, असं सांगतात. सावत्र भाऊ एथेलरेड राजा झाला. यादवीच्या वेळी याच चर्चमध्ये वेढा घालणाऱ्यांचा तळ होता. राजाच्या बाजूच्या लिखाणात नोंद आहे की त्यांनी छपराचं शिसं काढून गोळ्या ओतल्या. आतून बघितलं तर चर्चच्या दारातून किल्ला समोर, हाकेच्या अंतरावर. इतक्या जवळून सहा आठवडे रोज एकमेकांना पाहत होते.

चौकाजवळच्या बागेत गावाची आणि किल्ल्याची प्रतिकृती आहे, मूळच्या विसाव्या हिश्श्याची, १६४६ मधल्या पाडकामाआधी जसं होतं तसं दाखवणारी. मनोरा भाचीच्या खांद्यालाही लागत नव्हता. सगळ्या भिंती पुऱ्या, छपरं बसवलेली, दरवाजा सरळ. त्या प्रतिकृतीवरून नजर उचलली की मागे टेकडीवर खरा. मी आळीपाळीने दोन्हीकडे पाहत राहिले आणि कुठला भाग कुठे गेला ते जुळवत राहिले. अशी एक प्रतिकृती रायगडाच्या पायथ्याला कुणी इतक्याच प्रेमाने केली तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

दुपारी वाफेच्या गाडीने स्वानेजला समुद्रावर. ही लाइन १९७२ मध्ये बंद झाली, रूळ उखडले गेले, आणि हौशी लोकांनी ती पुन्हा एकेक फूट घालत १९९५ मध्ये कॉर्फपर्यंत आणली. गाडी किल्ल्याच्या पायथ्यातून जाते. कोळशाचा वास, खिडकीतून मनोरा, आइस्क्रीम, परत.

चौथा दिवस: किंग्स्टन लेसी

परतीच्या वाटेवर विंबर्नजवळ किंग्स्टन लेसी हा बँक्स घराण्याचा वाडा आहे. राजेशाही परत आल्यावर मेरीच्या मुलाने १६६० च्या दशकात तो बांधला, कारण कॉर्फला राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या एका वारसाने इजिप्तमधून आणलेला फिलीचा स्तंभ बागेत उभा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाडा आणि कॉर्फ दोन्ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आले.

तसबिरी, छतं, सोनेरी कातडं लावलेली खोली, हे सगळं भराभर ओलांडलं. जिन्याच्या वळणावर मेरी बँक्सचा काशाचा पुतळा आहे. तिच्या हातात किल्ली. पुतळा एकोणिसाव्या शतकातला, मारोकेत्ती या शिल्पकाराचा. चेहरा कल्पनेतला असणार. हात मात्र घट्ट.

आणि मग ग्रंथालयात, शेकोटीच्या वर, त्या टांगलेल्या दिसल्या. कॉर्फच्या किल्ल्या. काळ्या, मोठ्या, लोखंडी. पराभवानंतर मेरीला तिच्या शौर्याबद्दल मानाने जाऊ दिलं आणि किल्ल्या तिच्याकडेच ठेवू दिल्या, असं घराण्यात सांगत आले. दरवाजे उडवले, तट उडवला, दगड गावाने नेला. किल्ल्या घरात.

भाची माझ्या कोपराशी आली. बराच वेळ वर बघत राहिली. मग खोलीतल्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच, जोडाक्षरावर जपून जोर देत म्हणाली, "आत्या, किल्ल्याच्या किल्ल्या."

"हो."

"त्या खाली घसरलेल्या दाराची कुठली?"

आम्ही दोघी एकेक करून बघायला लागलो.